कोमट

लिएपायात डिसेंबरात चारलाच अंधारतं.
इस्पितळाच्या धुलाईघरातून मी घरी येते,
बूट काढायच्या आधी टेबलाखाली वाकते
आणि कॉम्प्युटरच्या पाठीवर तळहात ठेवते,
तापातल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

वाफेनं माझे हात निबर झालेत.
उकळत्या चादरी उचलते, काही वाटत नाही.
पण हा पत्रा कोमट आहे की गार
एवढं मात्र त्यांना अजून कळतं.

आज कोमट.

ओतो सोफ्यावर. भूगोलाचं पुस्तक उघडं.
उलटं नाही; एवढी अक्कल अकराव्या वर्षी आलेली असते.
"काय वाचलंस?"
"नद्या."
"कुठल्या?"
"लांबच्या."

फ्रिजवर कागद आहे: सात ते आठ. रविवारी दोन तास.
गृहपाठ आधी. जेवताना नाही.
खाली माझी सही आणि त्याची,
आयुष्यातली पहिली, लांब शेपटीची,
बँकेच्या मॅनेजरला शोभेल अशी.

कागदानं भागेना, म्हणून मी विजेची तार
पिशवीत घालून कामावर नेऊ लागले.
राईच्या पावाशेजारी ती वेटोळं करून बसायची.
आउस्मा म्हणाली, "कुणाला बांधायला निघालीस, विज्मा?"
हसलो दोघी.
मला तेव्हा ठाऊक नव्हतं
की प्रिंटरची तार अगदी तशीच असते,
तीच तीन छिद्रं, तोच काळा रंग.
त्याला ठाऊक होतं.

चोराच्या मनात चांदणं.
आमच्याकडे ते दाराच्या फटीतून यायचं,
निळसर, हलतं,
मी खोकले की विझणारं.

हा डबा घरात आला तो मुळात त्याच्या बापासाठी.
इंदुलिस आयर्लंडला आहे, अळिंबीच्या शेडमध्ये.
रविवारी तो पडद्यावर येतो,
कपाळ जास्त, हनुवटी कमी;
ओठ आधी हलतात, शब्द मागाहून पोचतात,
आणि "जेवलात का" याच्या पुढे
आम्हा तिघांनाही फारसं काही सुचत नाही.
तरी कोणी बंद करत नाही.

एकदा ओतोनं विचारलं,
"बाबाशी बोलतो ते दोन तासांत धरायचं?"
"छे रे."
"मग तो रोज भेटला तर?"
मी बटाटा सोलत होते.
साल लांबच लांब निघत गेली, तुटली नाही.
उत्तर मी दिलं नाही.
त्यानं पुन्हा विचारलंही नाही.

माझं सांगायचं तर,
पहाटे चारला उठते. शिफ्ट सहाची.
तार पिशवीतून काढते, आवाज न करता खोचते,
आणि पत्ते लावते. काळ्यावर लाल, लालवर काळं.
एकच डाव, असं रोज म्हणते.
कोपऱ्यात इंदुलिसच्या नावापुढचा ठिपका करडा असतो.
तो हिरवा झालाच तर काय बोलायचं
हे काही ठरवलेलं नसतं.
बाहेर समुद्रावरचं वारं खिडक्या हलवून बघतं,
एखादी उघडी सापडते का म्हणून.

काल ओतो लवकर उठला.
मी चहा ओतत होते, पडदा नुकताच काळा केलेला.
मोजा शोधायच्या निमित्तानं तो टेबलाखाली वाकला.
मला त्याची फक्त पाठ दिसत होती,
आणि पुढे गेलेला हात.
बराच वेळ तो तसाच राहिला.

बोलला काही नाही.
एक मोजा हातात घेऊन फ्रिजपाशी गेला
आणि आमच्या सह्यांखाली पेन्सिलीनं लिहिलं:
आई, साडेचार ते पाच.
"सही कर," म्हणाला.
"शेपटी नाही काढलीस तरी चालेल."

मी केली.
मग बूट चढवले, पिशवी खांद्याला लावली.
कोपऱ्यापर्यंत गेल्यावर ती हलकी लागली.
ट्रॅम दिसत होती.
मी मागे वळले नाही.